बाराव्या होलजवळची बाभूळ

जयमालामावशी रोज संध्याकाळी कामावरून आली की दारातच बूट काढायची, एकेक बूट उलटा धरायची आणि फरशीवर दोनदा आपटायची. त्यातून कधीच काही पडलं नाही. तरीही ती वाकून नीट बघायची आणि म्हणायची, "आज फारच वाळू होती."

"आत आणू नकोस," गुणवंतकाका सोफ्यावरूनच म्हणायचे. "व्हॅक्यूम मला मारावा लागतो."

त्यांची मुलगी यामिनी आठवीत होती. ती जपानीत काहीतरी पुटपुटायची. शेजारचे ऐकतात, असा त्याचा अर्थ. मग मावशी हात धुवायची आणि कुकर लावायची.

तोक्योशेजारच्या इचिकावातल्या त्या घरात मी दोन वर्षं राहिले, तोक्योला शिकायला जाऊन-येऊन. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, मावशी बांधकामावर काम करते. प्रत्यक्षात ती तोक्योच्या कोतो भागातल्या एका छोट्या कंपनीत, तिसऱ्या मजल्यावर, गालिच्यावर काम करायची.

कंपनी पडद्यावरच्या गोल्फचं सॉफ्टवेअर बनवायची. एक खोली, समोर भिंतभर पडदा, पायाखाली हिरवी चटई. खरा बॉल खऱ्या काठीने पडद्यावर मारायचा. तो धप्पकन पडद्याला लागून खाली पडतो, पण यंत्राने त्याचा वेग आणि दिशा टिपलेली असते, आणि पडद्यातला बॉल पुढे उडत राहतो. ज्यांना रविवारी पहाटे उठून डोंगरातल्या मैदानावर जायला जमत नाही, असे लोक ऑफिस सुटल्यावर इमारतींच्या तळघरांतल्या दुकानांत पैसे भरून हा खेळ खेळतात. मावशीचं काम त्यातल्या चुका शोधायचं. त्याआधी पुण्यात तिने बरीच वर्षं बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधल्या होत्या.

"बँकेत चूक सापडली की सगळ्यांचे चेहरे उतरतात," ती म्हणायची. "इथे चूक सापडली म्हणजे बॉल खडकातून आरपार जातो, आणि सगळे हसतात. मला ही नोकरी जरा उशिराच लागली बघ."

खऱ्या गोल्फच्या मैदानावर तिने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. पण त्या वर्षी ती रोज वाळवंटात जात होती. एका नव्हे, दोन वाळवंटांत.

वसंतात कंपनीला वाळवंटातला एक कोर्स, म्हणजे अठरा होलचं मैदान (होल म्हणजे एकेका भोकापर्यंतचा टप्पा), दुकानांमध्ये आणायचा होता. तयार मात्र दोन झाले होते. फेब्रुवारीअखेरच्या मीटिंगमध्ये एक ठरणार, दुसरा सर्व्हरवरून पुसला जाणार. आणि मार्चअखेरीला मावशी-काकांचं कॉन्ट्रॅक्ट संपून घरदार पुण्याला परतणार होतं. जाण्याआधी त्या दोनांतला आपला आवडता कोर्स दुकानात लागलेला बघायचा, एवढीच तिची इच्छा होती. ती तिने कधी बोलून दाखवली नाही. पण त्या दिवसांत तिला विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर त्या कोर्सवरूनच जायचं.

पहिला कोर्स होता लाल दरी. तो विभागप्रमुख कुरोदा-सान यांनी बनवला होता; सान म्हणजे तिकडचं आदराचं 'जी'. कुरोदा-सान म्हणजे इस्त्रीची घडी न मोडणारा, ठेवणीतलं बोलणारा माणूस. लाल दरीच्या पहिल्याच होलवर तुम्ही कड्याच्या टोकावर उभे असता. समोर खोल दरी, पलीकडच्या सुळक्यावर हातरुमालाएवढी हिरवळ, मागे मावळतीचं ऊन आणि वर घिरट्या घालणारा एक गरुड. जो येतो तो आधी फोन काढून फोटो घेतो. मग बॉल मारतो. मग बॉल दरीत जातो. बराच वेळ काही ऐकू येत नाही, आणि तुम्ही विसरून गेलात की खालून आवाज येतो: टुक. तो आवाज कुरोदा-सान यांनी मुद्दाम कुठल्यातरी विहिरीवर जाऊन टिपून आणला होता.

दुसरा कोर्स दोन नवख्या पोरांनी उरलेल्या वेळात बनवला होता. त्यावर कुणाचं नाव नव्हतं. पांढरी वाळू, बुटक्या टेकड्या, मध्ये मैदानासारखे रुंद गवताचे पट्टे. बॉल पडला की थांबत नाही, उतार बघून घरंगळतो. डावीकडून गेलं तर लांब पडतं पण धोका नाही. उजवीकडून जवळ पडतं पण वारा तोंडावर येतो. कमी ताकदीचा माणूस खळग्याखळग्यातून पोचतो आणि जोरात मारणारा आपल्याच जोराने फसतो. मावशीने त्याचं नाव ठेवलं होतं अंगण.

अंगणात एकच खोट होती. प्रत्येक होल मागच्या होलसारखा दिसायचा. खेळताना मजा यायची आणि बाहेर पडल्यावर काहीच आठवायचं नाही.

"पोट भरतं हो जयमालाताई," पुष्कर म्हणायचा, "पण काय जेवलो ते आठवत नाही." पुष्कर तिच्याच टीममधला प्रोग्रॅमर, सिंहगड रोडचा. तो शनिवारी जेवायला यायचा आणि जेवणाचा डबाही बांधून न्यायचा.

अशाच एका शनिवारी गुणवंतकाकांनी चूक केली. त्यांनी विचारलं, "पण नेमका फरक काय गं दोन्हींत? वाळू ती वाळू."

मावशीने त्यांचं ताट पुढे ओढलं. भाताचे दोन उंच, उभ्या कडांचे ढीग केले आणि मधल्या फटीत आमटी ओतली. उसळीतला एक वाटाणा उचलून एका ढिगाच्या टोकावर ठेवला.

"मारा टिचकी. पलीकडे गेला पाहिजे."

काकांनी टिचकी मारली. वाटाणा आमटीत गेला.

"टुक," पुष्कर म्हणाला.

दुसरा वाटाणा आमटीत गेला. तिसरा काकांच्या शर्टावर. "अगं, मी जेवायला बसलोय," काका म्हणाले, पण चौथा वाटाणा त्यांनी स्वतःच उचलला. तोही गेला.

"ही झाली लाल दरी. बघायला सुंदर. जायला एकच वाट, तीही आकाशातून." मग तिने आपल्या ताटातला भात पळीने पसरला, त्यात बोटाने उतार केले, एक-दोन उंचवटे ठेवले आणि कडेला लिंबाची फोड ठेवली. "हा होल. आता मारा."

काकांचा वाटाणा घरंगळत, वळत, लिंबाजवळ जाऊन थांबला. त्यांनी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. मग माझा, मग पुष्करचा. यामिनी इतका वेळ फोनमध्ये होती. तिने एक वाटाणा घेतला, भलत्याच बाजूने मारला, आणि तो उंचवट्याला वळसा घालून सगळ्यांच्या पुढे गेला.

"मो इक्काई," ती म्हणाली. म्हणजे पुन्हा एकदा. त्या रात्री भात कुणी फारसा खाल्ला नाही, आणि उसळ संपली.

हे ताट मीटिंगमध्ये नेता आलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण तिथे अहवाल द्यायचा होता: दोन्ही कोर्सची रचना आणि खेळायला कसे वाटतात याची तुलना. मावशीने तो लिहिला, आणि लिहिताना कुरोदा-सान यांना वाईट वाटू नये म्हणून प्रत्येक वाक्याला मऊ कापड गुंडाळलं. 'दरी ओलांडणं अशक्य आहे' याचं झालं 'दरी खेळाडूला नव्या प्रयत्नाची प्रेरणा देते'. 'दरवेळी बॉल हरवतो' याचं झालं 'बॉलचा प्रवास दीर्घ आहे'. अंगणाचं कौतुक करतानाही तिने हात आखडता घेतला, नाहीतर तुलना बोचली असती.

कुरोदा-सान यांनी तो वाचला आणि मान लववली. "अतिशय समतोल अहवाल आहे, जयमाला-सान."

त्या संध्याकाळी तिने बूट जरा हळू आपटले. "समतोल म्हणाले," ती म्हणाली. "संपलं. समतोल झालं की लोक फोटो बघून ठरवणार."

"मग खरं लिहायचं होतंस," काका म्हणाले.

"त्यांनी विहिरीवर जाऊन आवाज आणलाय हो. असं कसं लिहू?"

पुढच्या सोमवारी मात्र एक गंमत झाली. अंगणाच्या बाराव्या होलवर सुरुवातीच्या जागेवरून मारलेला बॉल खळग्यात पडून नीट बाहेर येतो की नाही, हे ती तपासत होती. तिने बॉल मारला आणि चहाचा थर्मास उचलायला मागे वळली.

"जयमालाताई," पुष्कर म्हणाला, "बॉल कुठे गेला?"

"हरवला असेल. लिहून ठेव."

"होलमध्ये गेला."

"कुणाचा?"

"तुमचा. पहिल्याच फटक्यात."

तिने ते पाहिलंच नव्हतं. पुष्करने पुन्हा दाखवलं: बॉल उंचवट्यावर आपटतो, नको तिकडे निघतो, मग जणू काही आठवल्यासारखा वळतो आणि शांतपणे भोकात उतरतो. लहानपणी मिरजेच्या शाळेमागे गोट्या खेळताना तिची गोटी अशीच गलात जायची, आणि पोरं म्हणायची, नशीब आहे, नेम नाही. तिने तो बॉल सात-आठ वेळा बघितला. दर वेळी तो गेला.

घरी येताना तिने दुधाची पावडर, कंडेन्स्ड मिल्क आणि बिनमिठाचं लोणी आणलं. खवा मिळत नाही त्या देशात पेढे याच वाटेने होतात.

"खोट्या मैदानावरच्या बॉलसाठी खरे पेढे?" काकांनी विचारलं.

"बॉल खरा होता," मावशी म्हणाली आणि वेलदोडे कुटायला बसली. यामिनीने पेढ्यांवर बोटाने खळगे पाडून दिले आणि त्यात पिस्ते बसवले. एका पेढ्यावरचा पिस्ता जरा पुढे गेला. "आउट," यामिनी म्हणाली आणि तो खाऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी मावशीने ऑफिसात डबा फिरवला. दहावीचा निकाल लागल्यावर फिरवतात तसाच, घाईघाईने, 'घ्या हो, घ्या' करत. याआधी तिने दिवाळीचा फराळ वाटला होता, आणि लोकांनी चकली नेमकी कुठून धरायची असं विचारत तो खाल्ला होता. त्या दिवशी मात्र कुरोदा-सान उभे राहिले. त्यांनी कोटाचं बटण लावलं, दोन्ही हातांनी पेढा घेतला आणि कमरेत वाकून म्हणाले, "मनःपूर्वक अभिनंदन. कुठल्या होलवर?"

"बाराव्या." मग तिला सांगावंच लागलं. "दुसऱ्या कोर्सच्या."

सगळे अवघडून आपापल्या स्क्रीनकडे बघू लागले. कुरोदा-सान यांनी पेढा खाल्ला, रुमालाने बोटं पुसली.

"आमच्याकडे पहिल्या फटक्यात बॉल गेला की त्या माणसाने सगळ्यांचं तोंड गोड करायचं असतं," ते म्हणाले. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. आमच्याकडे काहीही झालं की करतात."

"तुम्ही प्रथा पाळली. आता आम्हालाही पाळायला हवी." ते पुष्करकडे वळले. "त्या होलजवळ यांच्या नावाचं झाड लावावं लागेल."

"वाळवंटात, सर?"

"प्रथेत वाळवंटाचा अपवाद सांगितलेला नाही. जयमाला-सान, कुठलं झाड?"

कुणीही साकुरा, म्हणजे चेरी, म्हटलं असतं. मावशीच्या डोळ्यांपुढे शाळेमागचं मैदान होतं. "बाभूळ," ती म्हणाली.

कुरोदा-सान यांनी ते लिहून घेतलं. "फुलं येतात?"

"येतात. पिवळी, गोल, गोंड्यासारखी. छान वास असतो."

"वास नाही देता येणार," पुष्कर मराठीत कुजबुजला.

"काटे?"

"ते तर असतातच."

दुपारभर पुष्करने बाभूळ उभी केली. मावशी मागे उभी राहून सांगत होती: फांद्या इतक्या सरळ नको, ती काय परेडला आलीय का? पुष्करने झाड कडेला, कुणाच्या वाटेत येणार नाही असं लावलं होतं. "इतक्या लांब कशाला, पाहुण्यासारखी?" म्हणून मावशीने ते उचलायला लावलं आणि हिरवळीच्या अलीकडच्या टेकडीवर, जवळजवळ मधोमध ठेवलं. आता तिथे आलेल्या माणसाला ठरवावं लागणार होतं, झाडाच्या डावीकडून की उजवीकडून. हे तिच्या तेव्हा लक्षातही आलं नाही. तिला फक्त झाड एकटं पडायला नको होतं.

मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी कंपनीजवळच्या तळघरातल्या दुकानात चाचणी होती. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी दोन्ही कोर्स खेळून बघायचे. मला आणि यामिनीलाही मावशीने बोलावलं होतं, टाळ्या वाजवायला. गिऱ्हाइकांत सर्वांत वडीलधारे होते ओनो-सान. जन्मभर तोक्योतल्या किबा भागातल्या वखारीत लाकडाचा व्यापार केलेले, आता निवृत्त. डोक्यावर टोपी, कमरेला पट्टा.

ओनो-सान आधी लाल दरीच्या कड्यावर उभे राहिले. "वा, काय दृश्य आहे," ते म्हणाले. बॉल मारला. सगळे थांबले. टुक. ओनो-सान यांनी दरीकडे बघून मान लववली. दुसरा बॉल. टुक. पुन्हा मान लववली. तिसऱ्या होलपर्यंत त्यांच्या मागचे लोकही त्यांच्याबरोबर मान लववू लागले होते. "खाली जाऊन वेचता येतील का?" त्यांनी गंभीरपणे विचारलं. यामिनी इतकी हसली की तिला उचकी लागली. भिंतीला टेकून उभे असलेले कुरोदा-सान हसले नाहीत. मावशीही हसली नाही. ती त्यांच्याकडे बघत होती.

मग अंगण. ओनो-सान यांचे फटके बुटके होते. बॉल जमिनीलगत पळायचा, उतारावर वळायचा, वाळूच्या कडेने जायचा आणि कसातरी पोचायचा. ते चालल्यासारखे जागच्या जागी पाय उचलत होते. बाराव्या होलवर ते थांबले. टोपी मागे सरकवून त्यांनी पडद्याजवळ जाऊन पाहिलं.

"ही बाभळीच्या जातीची दिसते. कुणाची?"

अंगणाबद्दल तोवर कुणी काहीच विचारलं नव्हतं. पुष्करने मावशीकडे बोट केलं. ओनो-सान यांनी टोपी काढली, तिला वाकून नमस्कार केला, आणि झाडाच्या डावीकडून बॉल मारला. मग ते बाजूला बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले, झाडाच्या डावीकडून जा. एकजण म्हणाला, मी उजवीकडूनच जाणार. दोघांची जुंपली. थोड्या वेळाने लोक बोलत होते: तो झाडाच्या आधीचा होल, तिथे मी वाळूत अडकलो, नाही, तो झाडाच्या नंतरचा. एका झाडामुळे अख्ख्या वाळवंटाला पत्ता मिळाला होता.

कुरोदा-सान यांनी कोट काढला. घडी घालून खुर्चीवर ठेवला. "मलाही द्या," ते म्हणाले. अंगण त्यांनी आजवर खेळलंच नव्हतं. त्यांचा फटका कोणी दाखवायला ठेवावा असा होता. बॉल उंच, सरळ, निर्दोष गेला, बाभळीत शिरला आणि बाहेर आला नाही.

सगळे वाट बघत राहिले. पडद्यावर एक फांदी हलली. नंतर तीही थांबली.

मावशी पुढे धावली. "माफ करा. ही माझी चूक. झाड मी तपासलंच नाही. बॉल खाली पडायला हवा होता."

कुरोदा-सान झाडाकडे बघत होते. "जयमाला-सान, खऱ्या बाभळीत बॉल गेला तर खाली पडतो?"

मावशीला खोटं बोलता आलं नाही. "नाही. आमच्या शाळेचा एक अजून तिथेच असेल."

तेव्हा कुरोदा-सान हसले. आवाज नाकातून आला, आणि तो इतका अनपेक्षित होता की दुकानदाराने काउंटरमागून डोकं वर काढलं. मग त्यांनी दुसरा बॉल ठेवला, ओनो-सान यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि जमिनीलगत, झाडाच्या डावीकडून, हळूच मारला.

मीटिंगमध्ये त्यांनी लाल दरीचे फोटो दाखवलेच नाहीत. "लाल दरी थोडी अवघड आहे," एवढंच म्हणाले. त्यांच्या ऑफिसात 'थोडी अवघड' म्हटलं की विषय मिटतो. अंगण ठरलं.

त्या संध्याकाळी बूट आपटायचे सोडून मावशी दारात दोन्ही बूट हातात धरून गोल फिरली. काकांनी टीव्ही बंद केला. पण जेवताना तिने मध्येच घास खाली ठेवला.

"आता काय?" काका म्हणाले.

"तो गरुड पुसतील."

सकाळी ती कुरोदा-सान यांच्या टेबलाशी गेली. अंगणाच्या बाराव्या होलवरून पलीकडे बघितलं तर क्षितिज अगदीच ओकंबोकं दिसतं, ती म्हणाली. तिथे तुमची दरी ठेवता येईल का? लांब, मावळतीच्या उन्हात, गरुडासकट?

"तिथे कुणाचाही बॉल पोचणार नाही," कुरोदा-सान म्हणाले.

"म्हणूनच तर."

त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग फार हळू आवाजात विचारलं, "आणि तो आवाज?"

म्हणून आता बॉल बाभळीत अडकला की जरा वेळ शांतता असते, आणि मग, लोक विसरून गेल्यावर, आतून येतो: टुक.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अंगण दुकानात लागलं. ओनो-सान पहिल्या दिवशी आले आणि झाडाच्या डावीकडून गेले. कुरोदा-सान यांनी नियम काढला की जो कुणी पहिल्या फटक्यात बॉल घालील त्याचं झाड लागेल. "मग वाळवंट उरायचं नाही," मावशी काळजीने म्हणाली. "त्याला अजून बरीच वर्षं लागतील," ते म्हणाले.

घर रिकामं होत गेलं. शेवटच्या संध्याकाळी मावशीने बूट आपटले तेव्हा आवाज सगळ्या खोल्यांतून फिरून आला.

"आज आण हवी तेवढी," काका म्हणाले. "व्हॅक्यूम देऊन टाकला."

दुसऱ्या दिवशी विमानतळाच्या बसपाशी मी आणि पुष्कर पोचवायला गेलो. सामान चढलं, काका चढले, यामिनी मैत्रिणीला मेसेज करत चढली. मावशी पायरीवर एक पाय ठेवून थांबली आणि मागे वळली.

"पुष्कर, तिथे एक पाटी लाव रे. बाभळीला काटे असतात, बॉल अडकला तर कुणी हात घालू नका म्हणावं."